दुखणं थांबलं म्हणून गोळी थांबवू नका

दिवाळी सरली की पांढरकवड्यापासून झरी-जामणीपर्यंत कापसाची वेचणी जोरात असते. पहाटेचं दव, गारठलेले हात, दुपारपर्यंत पोटात पाण्याचा थेंब नाही. सिकलसेलचा आजार असलेल्या, म्हणजे एस.एस. पॅटर्नच्या पोरांना याच दिवसांत हाडं फोडल्यासारखं दुखू लागतं. थंडी लागली, अंगातलं पाणी कमी झालं की त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, ताठर होतात आणि बारीक नसांत अडकून बसतात. हे ढोंग नाही आणि करणीही नाही. अंगाऱ्यात वेळ घालवू नका. ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता एक गोष्ट नीट ऐका. एस.एस. बाळ जन्मल्यावर पहिले काही महिने ठणठणीत असतं. आईच्या पोटात असताना बाळाच्या रक्तात वेगळं हिमोग्लोबिन असतं आणि ते पेशींना वाकू देत नाही. पुढे शरीर ते बनवणं जवळजवळ बंद करतं, तिथून दुखणं सुरू होतं. हे बंद करतं कोण? काही मोठ्या माणसांत ते थोडंफार चालूच राहतं, त्यांना त्रासही कमी होतो. अशा माणसांचे जनुक इतरांशी ताडून पाहत शास्त्रज्ञ बीसीएल11ए या जनुकापर्यंत पोचले. 2008 मध्ये कळलं की ते बंद करणारं बटण हेच. 2013 मध्ये त्या बटणाला रक्तपेशींत चालू ठेवणारा डीएनएचा तुकडाही सापडला. तो तुकडा निकामी करणारा कॅसजेव्ही हा उपचार 2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाला. अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर, आणि त्याआधी जड केमोथेरपी सोसावी लागते. आपल्याकडे दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेत सिकलवरच्या जनुक-उपचाराचं काम चालू आहे. त्याला बिरसा 101 असं नाव दिलं आहे. तो यावा, लवकर यावा, असं मला मनापासून वाटतं.

पण तोवर हात बांधून बसू नका. सरकारी रुग्णालयातून मिळणारी हायड्रॉक्सीयुरियाची गोळी तेच बाळपणीचं हिमोग्लोबिन वाढवते. तिचा गुण यायला काही महिने लागतात, आणि इथेच घात होतो. दोन महिने दुखलं नाही की डबा फळीवर जातो. अहो, दुखलं नाही ते गोळीमुळे! मात्र अधूनमधून रक्त तपासून घ्या, आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

लग्न ठरवताना पत्रिकेआधी दोघांच्या रक्ताचे कागद मांडा. ए.एस. म्हणजे आजार नव्हे, ती व्यक्ती फक्त वाहक असते. दोघंही ए.एस. असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एस.एस. असण्याची शक्यता चारात एक. सुनेला बोल लावू नका, निम्मा वाटा मुलाकडूनच आलेला असतो. 2023 च्या जुलैत सुरू झालेल्या सिकलसेलच्या राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या लोकांची तपासणी होते, आशाताईंना विचारा.

रुग्णालयात जायचं तर दिवसाची मजुरी बुडते, हे खरंच आहे. सिकलच्या रुग्णाला एसटीचा प्रवास मोफत आहे. सिकलचं कार्ड सोबत ठेवा, पाण्याची बाटली घ्या, आणि गोळ्या संपायच्या आठ दिवस आधीच निघा.