त्या दिवशी पाऊस नव्हता

गेल्या महिन्यात मी एक कथा लिहिली. ऑफिसातून आल्यावर, रात्री अकरानंतर, रोज पानभर. विषय बाबांचा. ते गेले तो दिवस. सुरुवात एकदम फिल्मी : बाहेर धो धो पाऊस, हॉस्पिटलच्या काचेवरून ओघळणारे थेंब, वगैरे वगैरे. दोन मित्रांना मेल केली. 'जबरी रे! रडवलंस,' असे रिप्लाय आले. आपली कॉलर टाइट!

मग प्रिंट काढून आईला दिली. तिनं चष्मा लावून शांतपणे वाचली आणि म्हणाली, ''छान लिहिलंयस. पण त्या दिवशी पाऊस कुठे होता रे? ऑक्टोबर होता. सकाळी त्यांचा शर्ट दोरीवर टाकून निघाले होते मी. परत आले तर कडक वाळला होता.''

खल्लास! माझ्या चार पानी पावसाला जे जमलं नाही, ते त्या एका शर्टानं केलं.

आपल्या सगळ्यांचीच ही खोड. हिरो दुःखी, की वीज कडाडणार. प्रेम जमलं, की रिमझिम. हिंदी सिनेमानं लावलेली सवय, दुसरं काय! पण दुखणं जुनं आहे. इंग्रज समीक्षक जॉन रस्किननं १८५६मध्येच त्याला नाव दिलं, 'पॅथेटिक फॅलसी'. म्हणजे आपल्या भावना निसर्गावर लादणं. अमेरिकन थ्रिलरवाला एल्मोर लेनर्ड यानं २००१मध्ये लेखकांसाठी दहा नियम सांगितले. त्यातला पहिलाच : पुस्तकाची सुरुवात हवामानानं करू नका. पण मेख पुढे आहे. नुसती वातावरणनिर्मिती असेल तर आवरतं घ्या, पात्राला त्या हवेचं काय होतंय ते असेल तर गोष्ट वेगळी.

कामूच्या 'द आउटसायडर'मध्ये (१९४२) आईच्या अंत्ययात्रेत चालणाऱ्या मुलाला दुःखापेक्षा डोक्यावरचं ऊनच जास्त छळतं. आणि आपल्या व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) पाऊस येतच नाही, अख्खं गाव उठून जातं. तिथे हवा म्हणजे बॅकग्राउंड म्युझिक नाही, तीच गोष्ट घडवते.

तेव्हा लिहिणाऱ्या मंडळींनो, एक सोपी टेस्ट. कथेतला पाऊस काढून बघा. काहीच अडलं नाही? मग ते नुसतं डेकोरेशन होतं. त्या पावसानं कुणाची लोकल चुकली, दोघांत एकच छत्री निघाली, तर खुशाल राहू द्या.

मी कथा पुन्हा लिहायला घेतलीय. पाऊस कट. आता पहिल्याच पानावर रणरणतं ऊन आहे आणि दोरीवर एक शर्ट. तो शेवटी कुणी काढला, कुणी घडी घातली, इथे अडलोय. आईला विचारायला हवं. अजून धीर होत नाहीये.