ऑगस्टचा पहिला पंधरवडा घरच्यांचा

1 ते 16 ऑगस्टपर्यंत मंडळाची एकही तालीम होणार नाही, असे कार्यकारिणीने जाहीर केले आणि तेव्हापासून त्यावर बराच खल चालू आहे. फोन आले, व्हॉट्सॲपवर लांबलचक संदेश आले, नाट्यविभागाच्या काही ज्येष्ठ सभासदांनी समक्ष भेटून नाराजी सांगितली. ती समजण्यासारखी आहे. आपला गणेशोत्सव आज ज्या थाटात होतो तो याच मंडळींच्या जिवावर. नोकऱ्या सांभाळून, कम्युनिटी सेंटर बंद व्हायच्या वेळेपर्यंत त्यांनी मुलांकडून नाटके बसवून घेतली आहेत. त्यांच्या कामाला कमी लेखण्याचा विचार कार्यकारिणीत कोणाच्याही मनाला शिवलेला नाही. तरीही निर्णय कायम राहणार आहे, आणि त्याची कारणे सभासदांपुढे मांडणे आम्हांला आवश्यक वाटते.

आधी तारखांचे पाहू. गेल्या वर्षी गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती. इथल्या शाळा जूनअखेर सुटतात आणि लेबर डे झाल्यावर भरतात. त्यामुळे मुलांची जवळजवळ सगळी सुटी तालमींत गेली. यंदा अधिक ज्येष्ठ आल्याने गणपती 14 सप्टेंबरला बसतात आणि आपला कार्यक्रम शनिवारी 19 तारखेला आहे. 17 ऑगस्टला तालमी पुन्हा सुरू केल्या तरी चतुर्थीपर्यंत पुरते चार आठवडे मिळतात. पुढच्या वर्षी चतुर्थी 4 सप्टेंबरला, म्हणजे पुन्हा लेबर डेच्या आधी. अशी सवड मग लवकर मिळायची नाही.

पण खरे कारण तारखांपलीकडचे आहे. जूनमधल्या वनभोजनाला जे आले होते त्यांनी ते पाहिले असेल. एका आजोबांनी तळ्याकाठून चपटे दगड वेचून आणले, लगोरी रचली आणि नातवाला हाक मारली. नातू धावत आलाही. त्याने चेंडू हातात घेतला, तेवढ्यात त्याच्या आईने त्याला शेजारच्या शेडमध्ये नाचाच्या तालमीला बोलावून नेले. त्या आईला बोल लावण्याचे कारण नाही, तालमीची वेळ मंडळानेच दिली होती. आजोबा थोडा वेळ तिथे थांबले आणि मग सगळ्यांबरोबर जेवायला गेले. ती लगोरी दुपारभर तशीच राहिली.

हे आजी-आजोबा साता समुद्रापलीकडून येतात कशासाठी? 2022पासून सुपर व्हिसावर एका वेळी पाच वर्षे राहता येते. पण आपल्याकडचे बहुतेक जण उन्हाळ्यापुरतेच येतात आणि थंडी पडायच्या आत परततात. ब्रॅम्प्टन किंवा मिल्टनला गाडी चालवता येत नसेल तर दिवसभर घराबाहेर पडणे अवघड. मुलगा-सून कामावर, नातवंडे डे कॅम्पला, आणि संध्याकाळी सगळे दमलेले. त्यात शनिवार-रविवारही मंडळाने घेतले तर सुटीत घरातली माणसे एकमेकांना भेटायची केव्हा?

या पंधरवड्यात घरोघरी काय करावे, हे मंडळ सांगणार नाही. कोणी सॅंडबॅंक्सच्या वाळूत जाईल, कोणी घरातच पत्त्यांचा डाव मांडेल. मंडळाने ठरवला आहे तो एकच कार्यक्रम. बुधवारी 12 ऑगस्टच्या रात्री टॉरन्स बॅरन्सला उल्कावर्षाव पाहायला जायचे. ग्रेव्हनहर्स्टच्या पश्चिमेला, टोरोंटोहून साधारण दोन तासांवर असलेले हे माळरान 1999पासून अंधाऱ्या आकाशासाठी राखलेले आहे. उघडा ग्रॅनाइटचा खडक, आजूबाजूला दिवा नाही. स्विफ्ट-टटल धूमकेतूने मागे टाकलेल्या धुळीचे कण दर ऑगस्टमध्ये ययाती तारकासमूहाच्या दिशेने येताना दिसतात, आणि यंदा त्याच दिवशी अमावास्या आहे. चंद्राचा अडथळा अजिबात नाही.

रात्री दहानंतर ईशान्येला पाहा. ययाती, जवळच शर्मिष्ठा आणि देवयानी, थोडा वर शर्मिष्ठेचा पिता वृषपर्वा. एक सबंध घराणेच आकाशात आहे. आपल्या आज्यांच्या पिढीने खांडेकरांची 'ययाती' वाचली आहे. बापाने मुलांकडे तारुण्य मागितले आणि धाकट्या पुरूने ते दिले, ही गोष्ट नातवंडांनी खडकावर पाठ टेकून आजीच्या तोंडून ऐकावी, अशी आमची मनापासून इच्छा आहे. तोच दिवस दीपअमावास्येचा. समया घासून, दिव्यांची पूजा घरीच करून निघावे आणि कणकेचे गोड दिवे डब्यात घ्यावेत. तिथे मात्र ज्योत लावायची नाही.

कामाचा वार का निवडला, असेही विचारले गेले. उल्का सर्वांत जास्त 12च्या मध्यरात्रीनंतर दिसतात, आणि शुक्रवारी-शनिवारी हायवे 400वर कॉटेजला जाणाऱ्यांची रीघ असते. ओंटारियोत नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांत कायद्याने वर्षाला दोनच आठवडे रजा हक्काची मिळते आणि ती बहुतेकांनी भारतवारीसाठी राखलेली असते, याची आम्हांला कल्पना आहे. पाळीवर काम करणाऱ्यांना तर तेही जमणार नाही. त्यांनी शनिवारी 15ला आपापले गेले तरी चालेल. त्या दिवशी चंद्र लवकर मावळतो. ज्यांना गुरुवारी सकाळची रजा काढणे शक्य आहे त्यांनी मात्र ती काढावीच.

नोंदणी अजून फारच थोडी आहे, याचे वाईट वाटते. त्याहून वाईट वाटते ते "आम्हांला जमत नाही, मुलांना तेवढे घेऊन जा" अशा निरोपांचे. मंडळ एकट्या मुलांना नेणार नाही. आई किंवा वडील, निदान आजी-आजोबा बरोबर हवेत. यावरून कोणी रागावले तर तो राग आम्ही सोसू, पण हा नियम सर्वांना सारखाच राहील.

खडक रात्री गार पडतो, म्हणून सतरंज्या, गोधड्या, स्वेटर आणि पायांत बूट. डासांचे मलम. टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद लावावा आणि फोन गाडीत ठेवावेत. डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटे लागतात आणि एका पडद्याच्या उजेडाने सगळ्यांचे डोळे दिपतात. तिथे दुकान नाही, पाणी घरून न्यावे. गाड्या लावायला जागा थोडी असल्याने दोन कुटुंबांनी एका व्हॅनमधून यावे. नोंदणी 5 ऑगस्टपर्यंत चिटणीसांकडे करावी, आणि गाडीत जागा मोकळी असेल तर तेही कळवावे. ज्यांचे मुलगा-सून त्या रात्री कामावर आहेत अशा आजी-आजोबांची नावे आमच्याकडे आली आहेत, त्यांची सोय करायची आहे.