वर्ग तिसरीचा, मूल पहिलीत

दहावी-बारावीचे निकाल लागले की अमरावती विभागात वाशीम जिल्ह्याचं नाव बरेचदा वरच्या ओळीत असतं. पेढे वाटले जातात, शाळांचे फलक लागतात. याच वाशीमची निवड 2018 मध्ये नीती आयोगाने आकांक्षित, म्हणजे विकासात मागे पडलेला, जिल्हा म्हणून केली. महाराष्ट्रातून असे चारच जिल्हे निवडले गेले: गडचिरोली, नंदुरबार, तेव्हाचं उस्मानाबाद आणि वाशीम. आकांक्षित जिल्ह्यांच्या क्रमवारीत शिक्षणाला 30 टक्के वजन आहे आणि तिसरी, पाचवी, आठवीच्या मुलांना भाषा-गणित किती येतं, हेही त्यात मोजलं जातं. या दोन गोष्टी एकमेकींना खोट्या पाडत नाहीत. बोर्डाचा निकाल परीक्षेला बसलेल्यांचा असतो; वाटेतच गळालेल्यांची गुणपत्रिका निघत नाही.

या गळतीची मुळं तिसरी-चौथीत असतात. नगरपरिषदेच्या शाळेतलं एखादं पोर फळ्यावरचा उतारा वहीत मोत्यासारख्या अक्षरांत उतरवून घेतं. त्यातलाच एक शब्द बोट ठेवून वाचायला सांगितलं की ते गुरुजींच्या तोंडाकडे बघतं. ते आळशी नाही. अक्षरांचं चित्र त्याला काढता येतं, आवाज जुळवता येत नाही. एवढ्यात पुस्तकाचा पुढचा धडा सुरू झालेला असतो.

खेड्यांतल्या शाळांचं हे दुखणं निदान मोजलं तरी जातं. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीच्या 2024 च्या अहवालानुसार देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांतल्या पाचवीच्या 44.8 टक्केच मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. पण ‘असर’ शहरात येत नाही. 2011 च्या जनगणनेत वाशीम जिल्ह्याच्या सुमारे 12 लाख लोकसंख्येपैकी जेमतेम 18 टक्के लोक शहरांत होते. त्यामुळे इथे शिक्षण म्हटलं की चर्चा जिल्हा परिषदेची होते. नगरपरिषदेच्या शाळा पालिकेच्या गाड्याबरोबर नळ्याची यात्रा व्हावी तशा मागे फरफटतात. मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर पाणीपट्टी, कचरा, अतिक्रमण आधी येतं. जाब विचारायला नगरसेवक असतात म्हणावं, तर बहुतेक ठिकाणी 2016 नंतरची पालिका निवडणूक व्हायला 2025 चा डिसेंबर उजाडला. मधली कित्येक वर्षं प्रशासकाची.

या शाळांत राहतं कोण? स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा 2012 मध्ये झाला आणि तालुक्या-तालुक्याला कॉन्व्हेंटचं पीक आलं. ज्याला फी आणि ऑटोचं भाडं परवडतं, त्याने मूल तिकडे घातलं. अनेक गुरुजींची मुलंही तिकडेच. पालिकेच्या वर्गात उरली ती हमालाची, धुणंभांडी करणारीची, पाल टाकून राहणाऱ्याची पोरं. सोयाबीन निघालं की, दिवाळीच्या आगेमागे, जिल्ह्यातली कुटुंबं ऊसतोडीला, वीटभट्टीवर जातात आणि वर्गातली हजेरी विरळ होते. मानोरा-मंगरूळपीरच्या बंजारा तांड्यांवरून शहरात आलेलं मूल घरी गोरमाटी बोलतं. प्रमाण मराठी त्याच्यासाठी शाळेतच सुरू होते. तक्रार करायला ज्याच्याकडे वेळ आणि वजन आहे असा पालकच उरला नाही, हे या शाळांचं सर्वांत मोठं नुकसान आहे.

मग दोष सगळा गरिबीचा का? तसं म्हणणं शिक्षणखात्याला सोयीचं आहे, पण मुंबईचा अनुभव त्याच्या उलट आहे. माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांनी तिथे महापालिकेच्या सहकार्याने ‘प्रथम’ या संस्थेचं काम सुरू केलं, त्यातून ‘बालसखी’ उपक्रम आला. वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोनेक तास वेगळं बसवायची आणि वर्गाचं पुस्तक बाजूला ठेवून जिथे गाडी अडली तिथून शिकवायची. 2001 ते 2003 दरम्यान मुंबई आणि बडोद्यात याची शास्त्रशुद्ध तपासणी झाली. तपासणाऱ्यांतल्या अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना पुढे 2019 चं नोबेल मिळालं. सर्वांत जास्त सुधारली ती सर्वांत मागची मुलं. जी मुलं मूळ वर्गातच राहिली, त्यांचा वर्ग लहान होऊनही त्यांना विशेष फायदा झाला नाही. म्हणजे पटसंख्या कमी करणं पुरेसं नाही, शिकवणं बदलावं लागतं. उपक्रम थांबल्यावर वर्षभरात बराचसा फायदा ओसरला, हेही त्याच अभ्यासात नोंदवलं आहे. महिनाभराच्या अभियानांची हौस असणाऱ्यांनी ते जरूर वाचावं.

पोरं तीच, घरं तीच, तरीही फरक पडला. फक्त शिकवण्याची सुरुवात मूल जिथे आहे तिथून झाली.

नेमकं हेच आपल्या शिक्षकाला करू दिलं जात नाही. त्याच्याकडून अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचा हिशेब मागतात, शिवाय पोषण आहाराची, यू-डायसची, कुठल्या ना कुठल्या ॲपची माहिती. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढ्याच अशैक्षणिक कामांना मुभा देतं. पण बीएलओचं, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं, काम निवडणुकीच्याच खात्यात जमा होतं. त्यात राज्याने मे 2012 मध्ये शिक्षकभरती थांबवली आणि नव्या पद्धतीची पहिली अभियोग्यता परीक्षा थेट डिसेंबर 2017 मध्ये झाली. अर्थात सगळेच गुरुजी बिचारे नाहीत. मुलाला वाचता येत नाही हे ठाऊक असून प्रगतिपुस्तकात बिनदिक्कत ‘ब’ श्रेणी लिहिणारा हातही याच व्यवस्थेत आहे.

वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीरच्या नगरसेवकांपुढे शाळेचा विषय येईल तो बहुधा रंगरंगोटीचा किंवा डिजिटल फळ्याचा. त्याआधी प्रत्येक शाळेकडून एक यादी मागवता येईल: तिसरी ते पाचवीतल्या किती मुलांना दुसरीचा उतारा वाचता येतो आणि हातच्याची वजाबाकी जमते. एका मुलामागे दहा मिनिटं लागतील. ती यादी हातात आली की रोजचे दोन तास, वर्गांच्या भिंती बाजूला ठेवून, त्या मुलांसाठी वर्षभर राखून ठेवावेत आणि मदतीला वस्तीतली बारावी झालेली मुलगी मानधनावर घ्यावी. एका डिजिटल फळ्याच्या पैशात तिचं बऱ्याच महिन्यांचं मानधन निघेल.