फिरत्या घराचे धुराडे

बार्देश तालुक्यातील आमच्या एका वाचक भगिनींचे चिरंजीव इंग्लंडात स्विंडन येथे नोकरीस असतात. गोव्यातील कितीतरी कुटुंबे त्या शहरी स्थायिक झाली आहेत, हे वाचकांस ठाऊकच आहे. या चिरंजीवांनी हौसेने १९७३ सालची एक जुनी फोक्सवागन कॅम्पर गाडी विकत घेतली. आत झोपण्याची फळी, लहानशी शेगडी, भांडी ठेवण्याचे कपाट. म्हणजे चाकांवरचे घरच म्हणा. त्यांनी आईला कळवले की, गाडी उत्तम आहे, सायलेन्सर तेवढा गंजला आहे व थोडा आवाज करतो. पास्काच्या सुटीत बायकामुलांना समुद्रकाठी फिरवून आणू, मग सवडीने तो बदलू. आईचे मन निराळे. आवाजाखेरीज यात भिण्यासारखे काही आहे काय, असे त्यांनी आम्हांस विचारले आहे.

आहे. आणि सायलेन्सर प्रवासानंतर नव्हे, प्रवासाआधी बदलावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे जरा विस्ताराने सांगितली पाहिजेत, कारण इतर मोटारींना लागू पडणारा हिशेब या गाडीला लागू पडत नाही.

ही गाडी तशी आपल्याकडील वडीलधाऱ्यांच्या परिचयाची आहे. बेन पॉन नावाच्या एका डच व्यापाऱ्याने १९४७ साली वहीच्या पानावर काढलेल्या साध्या आकृतीतून ती जन्मास आली व १९५० पासून जर्मनीतील कारखान्यातून बाहेर पडू लागली. १९६० नंतरच्या दशकात व पुढेही काही वर्षे युरोपातील तरुण अशाच गाड्या हाकीत इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर या मार्गाने थेट हणजुण्याच्या किनाऱ्यापर्यंत येत. १९७९ साली इराणात क्रांती झाली, वर्षअखेरीस अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्या, आणि तो रस्ता बंद पडला. त्या पाहुण्यांच्या वागण्याविषयी गावकऱ्यांची मते काय होती, तो विषय निराळा. गाडी मात्र चिवट होती, हे कबूल केले पाहिजे.

या गाडीचे इंजिन मागच्या बाजूस असते व ते पाण्याने नव्हे, वाऱ्याने थंड होते. इंजिनावरचा मोठा पंखा सिलिंडरांवर हवा फेकतो. आता थंड मुलखात गाडीच्या आत ऊब हवी, समोरच्या काचेवर धरलेले दव निघाले पाहिजे. पण इंजिनात गरम पाणी नसल्याने ती ऊब आणावी कोठून? कारागिरांनी युक्ती काढली. धुराची तापलेली नळी दोन्ही बाजूंना एकेका पत्र्याच्या पेटीतून नेली. पंख्याची थोडी हवा या पेटीतून जाते, नळीच्या अंगाने तापते, आणि गाडीच्या तळातील नळ्यांवाटे माणसे बसतात तेथे येते. मेकॅनिक या पेटीला हीट एक्स्चेंजर म्हणतात; आपण तिला तापपेटी म्हणू.

युक्ती चांगली, पण तीत एक मेख आहे. तापपेटीच्या आत धूर आणि श्वासाची हवा यांच्यामध्ये केवळ एका पत्र्याची भिंत असते. त्या भिंतीला गंजून भोक पडले की चालकाने ऊब यावी म्हणून कळ ओढताच धूर थेट मुलांच्या अंगावर येतो. पेटी शाबूत असली तरी धोका संपत नाही. पंखा हवा ओढतो ती इंजिनाच्या खोलीतून. त्या खोलीच्या कडेची रबरी पट्टी झिजली असेल किंवा पत्र्याचे तुकडे कोणी काढून टाकले असतील, तर फुटक्या सायलेन्सरचा धूर वर शिरतो, पंखा तो ओढतो आणि तोच धूर तापपेटीतून आत ढकलला जातो.

धुराचा वास येतो, डोळे चुरचुरतात, म्हणजे माणूस वेळीच सावध होईल, असे कोणी म्हणेल. त्या वासाच्या भरवशावर कुटुंब झोपवू नये. धुरातील घातक भाग म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही, चव नाही. जुन्या, कार्ब्युरेटरच्या इंजिनात इंजिन नुसते उभ्या जागी चालू असता धुराच्या शंभर भागांत दोन-चार भाग हा वायू असू शकतो, आणि अशा गाडीला धूर शुद्ध करणारे आधुनिक पात्रही नसते. रक्तातील हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. छाती वरखाली होत असते, हवा आत जाते, पण शरीराला प्राणवायू मिळत नाही. आधी डोके दुखते, मग मळमळ, गरगर, सुस्ती. प्रवासात मुलांना असे होतेच, म्हणून आईबाप आल्याची वडी देऊन गप्प बसतात. घात होतो तो येथेच. इंग्लंडातील कोळशाच्या खाणींत हा वायू ओळखण्यासाठी पिंजऱ्यात कॅनरी पक्षी नेत असत. पक्षी लहान, श्वास जलद, म्हणून तो माणसाआधी कोसळे. १९८६ साली त्या पक्ष्यांची जागा यंत्रांनी घेण्यास आरंभ झाला. मुलांचा श्वासही मोठ्यांहून जलद असतो, आणि पोटातील बाळाला तर या वायूची बाधा आईहून अधिक होते.

आता गंजाविषयी. सायलेन्सर बाहेरच्या पावसाने गंजतो असे बहुतेकांना वाटते, आणि ते काही अंशी खरेही आहे; पण अधिक नाश आतून होतो. एक लिटर पेट्रोल जळाले की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. दूरच्या प्रवासात नळी चांगली तापते व ती वाफ उडून जाते. दोन मैल बाजारात जाऊन परत येणाऱ्या गाडीची नळी तापतच नाही. पाणी आत साचते, त्यात धुरातील आम्ले मिसळतात, आणि पत्रा पोखरला जातो. कॅम्पर गाडी वर्षातले आठ-नऊ महिने दारात उभी असते आणि अधूनमधून जागच्या जागी इंजिन चालू करून पाहिली जाते. मालकाला वाटते आपण गाडीची निगा राखतो. वस्तुतः तो सायलेन्सरात पाणी भरीत असतो.

दुसरी एक गोष्ट या चिरंजीवांनी ध्यानात घ्यावी. ब्रिटनमध्ये गाड्यांची दरवर्षी सरकारी तपासणी होते. परंतु मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना ती सक्तीची राहिलेली नाही. म्हणजे १९७३ च्या गाडीखाली वाकून पाहणारा परका डोळा उरला नाही. सक्ती नसली तरी पैसे भरून तपासणी करून घेता येते, आणि ती करून घ्यावी.

बदलावे काय? नुसता सायलेन्सर नव्हे. भोकाला पट्टी बांधणे, डब्याचा पत्रा गुंडाळणे, लुगदी भरणे हे उपाय गाडी घरापर्यंत आणण्यापुरते ठीक. सायलेन्सर गेला असेल तर तापपेट्या उतरवून, झटकून, आतील नळीवर टोचणी मारून पाहाव्यात. संशय आला की त्याही नव्या घ्याव्यात. सांध्यांच्या चकत्या, पट्ट्या, नट हे सर्व नवे. सुटे भाग मागवताना इंजिनाचा क्रमांक कळवावा, कारण त्या साली १६०० आणि १७०० अशी दोन निराळी इंजिने मिळत व एकाचे सामान दुसऱ्याला बसत नाही. काहीजण तापपेट्या काढून साध्या सरळ नळ्या बसवतात. गोव्यात ते चालेल. आपल्याकडे ऊब कोणाला हवी आहे! इंग्लंडच्या थंडीत मात्र समोरची काच धुरकटली की रस्ता दिसत नाही, म्हणून तेथे तापपेट्या ठेवणेच शहाणपणाचे.

हे काम इंजिन न उतरवता होते, पण हात घालण्यास वाव थोडा असतो व घाई करणाऱ्याची ती सत्त्वपरीक्षा आहे. गाडी सपाट, टणक जमिनीवर, चाकांना उटी लावून, भक्कम घोड्यांवर उभी करावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये; या एका चुकीने जितके संसार उघड्यावर पडले तितके सायलेन्सरने पडले नसतील. बॅटरीची तार सोडावी. या गाडीत पेट्रोलची टाकी इंजिनाच्या लगतच असते, तेव्हा अडकलेला नट तापवण्यासाठी गॅसची ज्योत घेऊन घरच्या माणसाने खाली जाऊ नये.

खरी कसोटी त्या नटांचीच. १६०० च्या इंजिनात पुढच्या दोन सिलिंडरांच्या तोंडाशी तापपेट्या आवळलेल्या असतात व मागच्या दोन सिलिंडरांना सायलेन्सर. प्रत्येक तोंडाला दोन-दोन स्टड. वर्षानुवर्षे तापून, निवून, गंजून नट आणि स्टड एकजीव झालेले असतात. स्टड ज्यात रोवलेला असतो ते सिलिंडरचे डोके ॲल्युमिनियमचे, म्हणजे मऊ. जोर लावून पाना फिरवला की स्टड मुळाशी तुटतो, आणि मग इंजिन उतरवून यंत्रशाळेत नेण्यावाचून गत्यंतर नाही. दोनशे रुपयांच्या नटापायी दोन महिने गेलेले लोक आहेत! म्हणून कामाच्या तीन-चार दिवस आधीपासून रोज संध्याकाळी गंज सोडवणारे तेल सोडावे. पाना लावल्यावर आधी किंचित आवळण्याच्या दिशेने दाबावे, मग सोडवावे. सुटू लागला की पुन्हा थोडे आत, पुन्हा बाहेर, मध्ये तेल. नटाबरोबर स्टडच निघून आला तर वाईट वाटून घेऊ नये, तो नवा घालता येतो. नटाचे कोपरे झिजले असतील तर तो छिन्नीने फोडावा. नवे नट तांब्याचा मुलामा दिलेले घ्यावेत, म्हणजे पुढच्या वेळी असा प्रसंग येत नाही.

बसवताना पुष्कळजण एक टोक घट्ट आवळून मग दुसरे ओढूनताणून जुळवतात. असे ताणात बसलेले सांधे महिनाभरात गळू लागतात. जुन्या चकत्यांचे अवशेष खरवडून तोंडे स्वच्छ करावीत, नव्या चकत्या घालाव्यात, आणि तापपेट्या, सायलेन्सर, पट्ट्या सर्व काही आधी बोटांनीच सैल जोडावे. सगळे आपापल्या जागी सहज बसले की सिलिंडरांच्या तोंडाचे नट समान, थोडेथोडे आवळावेत. पट्ट्या सर्वांत शेवटी. येथे अंगातले बळ दाखवू नये. इंजिनाच्या खोलीची रबरी पट्टी व कडेचे पत्रेही त्याच दिवशी पुरे करावेत. दुकानदार हे आठवणीने विकत नाहीत, पण आमच्या दृष्टीने ते सायलेन्सराइतकेच महत्त्वाचे.

मग गाडी अंगणात आणून इंजिन थंड असतानाच चालू करावे व हातमोजा घालून जाड फडक्याने शेपटीची नळी क्षणभर दाबावी. सांधा गळत असेल तर फुसफुस ऐकू येते. पहिल्या तापण्यात नव्या पत्र्यावरचे तेल व रंग जळून धूर होतो, त्याने घाबरू नये. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि पहिल्या फेरीनंतर, निवल्यावर, नट पुन्हा तपासावेत.

एवढे झाले तरी गाडीत झोपताना इंजिन चालू ठेवू नये, शेगडी पेटती ठेवू नये, आणि मागचे दार उघडे टाकून गाडी हाकू नये. चालत्या गाडीमागे पोकळी होऊन धूर आत ओढला जातो. आपल्याकडे ताडपत्री टाकलेल्या टेम्पोत मागे मुलांना बसवून जत्रेला वा फेस्ताला नेतात, तेथेही हेच घडू शकते. चिरंजीवांनी ईएन ५०२९१-२ या युरोपीय मानकाचे, खास अशा गाड्यांसाठी केलेले धोक्याची घंटा वाजवणारे यंत्र आणून झोपण्याच्या जागी लावावे. कोणी म्हणेल, परदेशच्या गोष्टी. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅरव्हॅनमध्ये दोन माणसे मृत आढळली. जनरेटरचा हाच वायू आत शिरला होता, असे तपासात निष्पन्न झाले. आणि बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेरकडील आमच्या वाचकांनी थंडीत दारेखिडक्या लावून कोळशाची शेगडी खोलीत ठेवण्याआधी एवढे ध्यानी घ्यावे की, तिच्या निखाऱ्यांतूनही हाच वायू निघतो.

गाडीत एकाहून अधिक माणसांचे डोके एकाच वेळी दुखू लागले आणि बाहेर मोकळ्या हवेत बरे वाटू लागले, तर ती गाडी लागली असे समजू नये. इंजिन बंद करावे, सर्वांना बाहेर काढावे व दवाखाना गाठावा. साध्या हवेत रक्तातील हा वायू निम्मा होण्यास चार-पाच तास लागतात. मुखवट्यातून शुद्ध प्राणवायू दिला तर सुमारे दीड तास. डॉक्टरांना धुराचा संशय आपणहून सांगावा, कारण करोनाच्या साथीत घरोघरी आलेले बोटाला लावायचे यंत्र येथे फसते. वायूने भरलेले रक्त त्याला प्राणवायूने भरलेले वाटते व ते अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव असा आकडा दाखवते. खरे प्रमाण रक्त तपासूनच कळते.