तापीचे पाणी आणि भरतीचे गणित

ऑगस्ट २००६ च्या पुराची आठवण निघाली की सुरतेत प्रत्येकजण उकाईकडे बोट दाखवितो. धरणातून सुमारे नऊ लाख क्युसेक पाणी सुटले होते, हे खरेच. परंतु तिथीही पाहावी. पूर ७ तारखेपासून चढला आणि ९ तारखेस नारळी पौर्णिमा होती. हतनूर-प्रकाशावरून, म्हणजे आपल्या खानदेशच्या अंगणातून आलेली तापी उतरत असता डुमसकडून समुद्रास उधाण येत होते.

भरतीची वेळ व उंची अनेक वर्षे आधी सांगता येते. तशी कोष्टके छापलेलीच असतात. मात्र ती कोष्टके शांत समुद्र आणि नेहमीची नदी गृहीत धरतात. उथळ पाण्यात पूर आणि भरती यांची नुसती बेरीज होत नाही. दोन्ही एकमेकांची गती व उंची बदलतात. येथे कोष्टक थांबते आणि संगणक कामास येतो.

शालेय भूगोलात जिला समुद्रबूड जमीन म्हणतात, ती आपल्या या किनाऱ्यापुढे ३०० किलोमीटरांहून अधिक रुंद आहे. चार हजार मीटर खोल महासागरात भरतीची लाट ताशी सुमारे ७०० किलोमीटर वेगाने धावते. पंचवीस मीटर खोलीवर तोच वेग ५६ वर येतो. लाट मंदावते, उंचावते आणि खंबायतच्या निमुळत्या आखातात कोंडली जाते. म्हणून भावनगरास उधाणाच्या भरती-ओहोटीतील फरक दहा मीटरांच्या घरात जातो. मुंबईस तो त्याच्या निम्माच.

या समुद्राचे गणित करावयाचे म्हणजे त्याचे चौकोन पाडावयाचे, प्रत्येक चौकोनाची खोली लिहावयाची आणि क्षणाक्षणाला पाण्याची उंची व प्रवाह काढावयाचा. चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात, कालाचे टप्पेही दुप्पट करावे लागतात, काम आठपट! १९५३ च्या वादळी भरतीने हॉलंडमध्ये अठराशेहून अधिक माणसे बुडाली. त्यानंतर तीनच वर्षांनी वाल्टर हान्सेन या जर्मन शास्त्रज्ञाने उत्तर समुद्राचे असे गणित प्रसिद्ध केले. आपल्याकडे १९१६ साली स्थापन झालेल्या खडकवासल्याच्या संशोधन केंद्रात बंदरांच्या प्रतिकृती बांधून त्यांत भरती आणीत. आता तेथे संगणकही हे काम करतो.

पूर चार दिवस चालला तर भरती चुकविता येत नाही, हे मान्य. तथापि उधाणापूर्वीच थोडे पाणी सोडून धरणात जागा करावी काय, याचा हिशेब आधी मांडता येतो. उकाईच्या दरवाजांवर निर्णय घेणाऱ्यापुढे पावसाच्या आकड्यांशेजारी हा आकडाही असावा, असे मला वाटते.

अडचण तळाची आहे. नर्मदा, मही, साबरमती आणि आपली तापी यांच्या गाळाने आखाताचा तळ सारखा बदलतो. जुनी खोली घातली तर यंत्र बिनचूक आकडेमोड करून जुन्याच समुद्राचे उत्तर देते. तेव्हा होडी घेऊन पुन्हा खोली मोजावी लागते, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा.