मधला खंड म्हणजे पूल नव्हे

अद्भुतकथेच्या त्रयीविषयी एक समज इतका रुळला आहे की त्याला कोणी पुरावा मागत नाही. पहिला खंड विश्व उभारतो, तिसरा संघर्ष मिटवतो आणि मधला या दोहोंना जोडतो, असा हा समज. प्रस्तुत लेखकाच्या मते हा वाचनाचा निष्कर्ष नसून वाचन टाळण्याची सबब आहे.

या समजाच्या मुळाशी अॅरिस्टॉटलची आदि-मध्य-अंत ही विभागणी असते. परंतु ही अंगे त्याने कथानकाची मानली, ग्रंथविक्रीची नव्हे. टोल्कीनने ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ हे एकच दीर्घ कथन सहा भागांत रचले; १९५४-५५ मध्ये ते तीन खंडांत निघाले ते प्रकाशनाचे गणित जमावे म्हणून. तेथे ‘मधला खंड’ ही बांधणीची बाब आहे, रूपबंधाची नव्हे.

खरी कसोटी लागते ती अर्सुला ल ग्विनच्या ‘द टूम्ब्स ऑफ अतुआन’ (१९७१) या कादंबरीपाशी. ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) चा नायक गेड येथे पहिल्या चार प्रकरणांत येतच नाही. येथे आहे ती नाव हिरावून घेतलेली, अंधाऱ्या भुयारांची स्वामिनी ठरवलेली एक मुलगी. पूल शोधणाऱ्या वाचकाला हे गेडच्या चरित्रातील आडवळण वाटते. भग्न कड्याचा उरलेला अर्धा भाग त्याच्या हाती कधी येतो, एवढीच त्याची उत्सुकता. संहितेची दृष्टी मात्र तेनारची आहे. तिच्या लेखी गेड हा परका, तहानलेला कैदी. त्याचे जगणे तिच्या निर्णयावर अवलंबून. पहिल्या खंडात खरे नाव जाणणे ही प्रामुख्याने सत्ता होती. येथे गेड तिचे नाव तिला परत देतो आणि स्वतःचेही सांगतो, तेव्हा नाव हा विश्वासाचा व्यवहार बनतो. विश्वाचा मूळ नियमच जो खंड पालटतो, त्याला दुवा कसे म्हणावे?

यावर आक्षेप येईल की मध्याचा अर्थ अंतच ठरवतो. फ्रँक करमोडच्या विवेचनाचा दाखलाही दिला जाईल. मान्य, पण कोणता अंत? ‘द फार्देस्ट शोअर’ने १९७२ साली त्रयी मिटवली, तेव्हा तेनार तिच्या कृतीत कोठेच नव्हती. पुढे १९९० साली ‘तेहानू’ आली आणि तिच्या केंद्रस्थानी तेनार होती. अठरा वर्षांनी लेखिका ज्या प्रश्नाकडे परतली तो मधल्या खंडाने मागे ठेवलेला होता: मुक्त झालेल्या स्त्रीने पुढे जगायचे कसे? येथे अंताने मध्याला अर्थ दिला नाही; मध्यानेच अंत अपुरा ठरवला.

याचा अर्थ मधला खंड निर्दोष आहे असा नव्हे. तेनारच्या मुक्तीला पुरुषाच्या आगमनाची वाट पाहावी लागते, ही त्यातील अडचण खरीच आहे. परंतु ती अडचण दिसते तीही त्या खंडाला स्वतंत्र कृती म्हणून वाचणाऱ्यालाच. पुलावरून घाईने पलीकडे जाणाऱ्याला खालचे पाणी दिसत नाही. म्हणून ‘हा खंड कोठे नेतो?’ या प्रश्नाआधी ‘हा खंड कोणाच्या डोळ्यांनी पाहतो?’ हा प्रश्न समीक्षकाने विचारला पाहिजे.