पंगतीतली जागा आणि पाहुणा

“एसडीबी म्हणजे आपला दुसरा लन” असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांशी माझं भांडण आहे. अहो, लिनक्स ही नावं डिस्क सापडतील त्या क्रमाने वाटतं! रीबूटनंतर एसडीबीची एसडीसी होऊ शकते. (घरच्यांसाठी: पंगतीतल्या जागेवरून पाहुणा ओळखण्यातला प्रकार.) स्टोरेजने नेटवर्कवरून दिलेले चार लन, सगळे ५०० जीबीचे. मीही असाच अंदाजाने एकावर फॉरमॅट मारला, वर “पुढे जाऊ?”ला बिनदिक्कत ‘वाय’ दाबलं. त्यावर जुने हिशेब होते. रात्रभर टेपवरून रिस्टोअर.

स्टोरेजवाल्याकडून डब्ल्यूडब्ल्यूआयडी मागायला दोन मिनिटं लागतात हो! तोच मल्टिपाथच्या यादीत शोधा, मग एफएसटॅबमध्ये यूयूआयडी लिहा. मात्र स्नॅपशॉट त्याच सर्व्हरला जोडलात तर यूयूआयडीही जुळे निघतात. तेव्हा पुन्हा डब्ल्यूडब्ल्यूआयडीच.